बांबूचा तारा, गवताचा गोठा

दक्षिणेकडून येणारी गाडी वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि बल्लारपूर आल्याचं डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. उग्र, गंधकाचा वास! डब्यातली नवखी माणसं घाईघाईनं रुमाल शोधू लागतात. पण बल्लारपूरच्या मुलांना विचारा, ती म्हणतील, "वास? कसला वास?" खोटं नाही बोलत ती. एकच वास सारखा येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणंच सोडून देतो. नाक शाबूत असतं, फक्त मेंदू म्हणतो, "हे रोजचंच आहे, पुढचं सांग."

हा वास पेपर मिलचा. १९४५ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, इथल्या कागद कंपनीची स्थापना झाली. बल्लारपूरच का? कारण उशाला वर्धा नदीचं पाणी, पायाशी दगडी कोळसा, दारात आगगाडी आणि पाठीमागे चंद्रपूर-गडचिरोलीचं बांबूचं अफाट जंगल. कागदाला लागतात ते बांबूतले (आणि इतर लाकडांतलेही) बारीक धागे. एकेक धागा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. पण हे धागे एका चिवट डिंकासारख्या पदार्थानं एकमेकांना चिकटून बसलेले असतात. त्याचं नाव लिग्निन. तो सुटावा म्हणून बांबूचे तुकडे गंधक असलेल्या रसायनांत, बंद भांड्यात, भरपूर तापवून शिजवतात. लिग्निन विरघळतं, धागे मोकळे होतात आणि थोडासा गंधक वाऱ्यावर स्वार होऊन आगगाडीतल्या पाहुण्यांच्या स्वागताला जातो.

आता म्हणाल, हा लेख तर नाताळचा आहे ना? मग कागद कशाला शिजवत बसलात?

सांगते. डिसेंबर उजाडला की बल्लारपुरात काही घरांच्या दारांवर तारे लटकायला लागतात. पाच टोकांचे, पोटात दिवा असलेले. हल्ली बाजारात घडीचे, छापील पुठ्ठ्याचे तारे मिळतात आणि ते झटपट उघडतातही. पण खरा तारा म्हणजे बांबूच्या कमच्या बांधून त्यांवर कागद चिकटवलेला. आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ! म्हणजे बघा, सांगाडा बांबूचा आणि वरचा कागदही, कदाचित, बांबूचाच. एकाच गवताचे दोन अवतार.

हो, गवताचे. बांबू हे झाड नाही. त्याच्याकडे मात्र थोड्या वेळानं वळू, आधी तारा लावणाऱ्या माणसांकडे जाऊ.

बल्लारपूर हे जंगलाच्या तोंडाशी असलेलं गाव असलं तरी एकट्या मराठीचं नाही. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजानं ते वसवलं, म्हणून स्टेशनचं नाव आजही बल्लारशाह. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचं हे मोठं जंक्शन. रेल्वे, कोळशाच्या खाणी आणि पेपर मिल या तिन्हींनी देशभरातून माणसं आणली. एकाच गल्लीत मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी, बंगाली, मल्याळम ऐकू येणं इथं नवलाचं नाही. आणि याच गावात संत थॉमस यांच्या नावाचं एक कॅथेड्रल आहे. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. हे चर्च केरळच्या सिरो-मलबार परंपरेचं आहे!

केरळचं चर्च विदर्भात कसं आलं? या ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगते की येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमस इ.स. ५२ मध्ये समुद्रमार्गे केरळच्या किनाऱ्यावर उतरले. वास्को द गामा आला १४९८ मध्ये, म्हणजे भारतात ख्रिस्ती लोक त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होते. त्यांची प्रार्थना सिरियाक भाषेत चाले. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिचीच ही एक बोली. १९६२ मध्ये केरळात या चर्चनं सिरियाकऐवजी मल्याळममध्ये उपासना सुरू केली आणि त्याच वर्षी रोमच्या पोपनी चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, मुलूख या चर्चकडे सोपवला. केरळबाहेर त्यांना मिळालेलं हे पहिलंच मिशन-क्षेत्र. १९७७ मध्ये त्याचा 'चांदा धर्मप्रांत' झाला. चंद्रपूरचं नाव केव्हाच बदललं, धर्मप्रांत मात्र अजून चांद्याचाच आहे.

केरळी ख्रिस्ती घरांत नाताळची सुरुवात खाण्यानं होत नाही, न खाण्यानं होते. १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचं व्रत. मांस-मासे बंद. मग २४ तारखेच्या रात्रीची उपासना आणि २५ च्या सकाळी व्रत सुटतं ते अप्पम आणि स्ट्यूनं. अप्पमचं पीठ तांदळाचं, नारळ घालून रात्रभर आंबवलेलं. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव त्यातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतात. म्हणून अप्पमचं पोट जाड, मऊ, जाळीदार होतं आणि कढईच्या उतारावर पीठ पातळ पसरतं तिथं कडा कुरकुरीत होतात. तांदळाची बल्लारपुरात काय कमी? पूर्वेला झाडीपट्टीचा सगळा मुलूख धानाचाच. नारळ मात्र आगगाडीनंच यायला हवा. केरळ एक्सप्रेस थांबते म्हणा इथं.

आणि हो, घरात एक गोठा उभा राहतो. आईनं बाळ येशूला गव्हाणीत निजवलं, असं बायबल सांगतं, म्हणून गोठा. केरळात या गोठ्याला पुल्कूडु म्हणतात आणि तो गवताचा, पेंढ्याचा असतो. आत मातीच्या बाहुल्या: बाळ, मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, मेंढरं. धानाची कापणी नुकतीच उरकलेली असते, त्यामुळे झाडीपट्टीत डिसेंबरात तणसाला तोटा नाही. (याच दिवसांत झाडीपट्टीची नाटकंही रात्र-रात्र रंगत असतात. थंडीत जागायला इथल्या माणसांना कारणं भरपूर.)

आता ते गवत. धान, गहू, ज्वारी, ऊस आणि बांबू ही सगळी एकाच कुळातली भावंडं. गोल दांडा, त्यावर पेरं, पेराला कवटाळून बसलेलं पान. सगळ्यांची ठेवण तीच. फरक इतकाच की बांबू या घराण्यातला पैलवान निघाला. त्याचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा जितका जाड असतो, तितकाच तो जन्मभर राहतो. झाडाचं खोड दरवर्षी जाड होतं, बांबूचं नाही. तो फक्त उंच होतो आणि तेही भन्नाट वेगानं. काही जातींचे कोंब एका दिवसात ९० सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. सकाळी शाळेत जाताना गुडघ्याएवढा पाहिला तर संध्याकाळी कमरेला लागेल! आपल्या जंगलातला मानवेल जातीचा बांबू इतका उतावळा नाही, पण आळशीही नाही. तो कित्येक दशकांनी एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो.

विज्ञानाला हे केव्हापासून ठाऊक होतं, कायद्याला मात्र नव्हतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला चक्क 'झाड' ठरवलं होतं. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही परवाना लागे. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला झाडपणातून सुटका मिळाली. त्याआधी २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं आपल्या सामूहिक जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला होता. नव्वद वर्षं गवताला झाड म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना जीवशास्त्रात किती गुण द्यावेत, ते तुम्हीच ठरवा.

बांबूचा तारा लावणारे बल्लारपूरकर एकटे नाहीत. इथून पूर्वेला समुद्रापार गेलात की फिलिपिन्स लागतं, आशियातला सर्वाधिक ख्रिस्ती लोकसंख्येचा देश. तिथं नाताळची गाणी सप्टेंबरातच वाजायला लागतात! (सप्टेंबर ते डिसेंबर या चारही महिन्यांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी 'बर' आहे, म्हणून 'बर' लागला की नाताळ लागला, असा त्यांचा हिशेब.) तिथला तारा म्हणजे 'पारोल', बांबूच्या कमच्या आणि पातळ कागद. बल्लारपूरच्या ताऱ्याशेजारी टांगला तर ओळखू येणार नाही. १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे, अंधारातच, लोक चर्चला जातात. इतक्या पहाटे का? शेतकऱ्यांना उजाडताच शेतावर जायचं असे म्हणून. चर्चबाहेर गरमागरम 'पुतो बुंबोंग' मिळतो, जांभळ्या चिकट तांदळाचा पदार्थ, आणि तो वाफवतात बांबूच्या नळीत.

इतक्यावर थांबतील तर ते कसले! मनिलाजवळच्या लास पिन्यासमधल्या चर्चमध्ये एक ऑर्गन आहे. ऑर्गन म्हणजे लहान-मोठ्या नळ्यांत हवा फुंकून वाजणारं प्रचंड वाद्य. या नळ्या सहसा धातूच्या असतात. पण दिएगो सेरा नावाच्या धर्मगुरूंनी १८१६ मध्ये ऑर्गन बांधायला घेतला तेव्हा दारात होता तो बांबू. त्यांनी १०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या केल्या. ऑर्गन १८२४ मध्ये पुरा झाला आणि आजही वाजतो. दोनशे वर्षांत किड्यांनी तो फस्त कसा नाही केला? सेरांनी बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला होता. बांबूत पिष्ट म्हणजे स्टार्च असतं आणि भुंगेरे त्यासाठीच तो पोखरतात. खारं पाणी आणि वाळू यांनी भुंगेऱ्यांचा बेत उधळला. आपल्याकडेही बांबू पाण्यात भिजत घालून मग वापरण्याची जुनी रीत आहे. कारण तेच, पिष्ट निघून जातं.

जिथं बांबू उगवत नाही तिथं काय? तिथं त्याची धाकटी भावंडं कामाला येतात. फिनलंडमध्ये राय नावाच्या धान्याचा पेंढा सुतात ओवून 'हिम्मेली' करतात. आठ त्रिकोणी बाजूंच्या, हिऱ्यांसारख्या आकारांचं हलकं झुंबर. छताला टांगलं की दार उघडल्याच्या वाऱ्यानंही ते हळूहळू फिरतं. जर्मनीत पेंढा चिरून त्याचे चपटे तारे करतात. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या पांढऱ्या टेबलक्लॉथखाली थोडं वाळलं गवत पसरतात, गव्हाणीची आठवण म्हणून. आणि प्वेर्तो रिकोतली मुलं ५ जानेवारीला चपलांच्या खोक्यात हिरवं गवत भरून पलंगाखाली ठेवतात. कोणासाठी? उंटांसाठी! पूर्वेकडून तीन राजे भेटी घेऊन उंटांवरून येतात, उंट दमलेले असतात, त्यांना चारा नको?

मला हेच फार आवडतं. गोष्ट एकच, दोन हजार वर्षांपूर्वीची, पण ती मांडायला प्रत्येक गावानं आपल्या दारचंच सामान घेतलं. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या सूचिपर्णी झाडापेक्षा मला खोकाभर गवत जास्त पटतं. तुम्हाला झाड आवडत असेल तर असू द्या, भांडण नाही.

जर्मनीतल्या एका ताऱ्याबद्दल मात्र थांबून सांगायलाच हवं, कारण तो भूमितीच्या तासाला जन्मला. एकोणिसाव्या शतकात मोराव्हियन ख्रिस्ती पंथाच्या एका शाळेत शिक्षकांनी मुलांना कागदाचे त्रिकोणी-चौकोनी मनोरे करून एका ठोकळ्यावर चिकटवायला लावले, भूमिती हातांना कळावी म्हणून. आजच्या मोराव्हियन ताऱ्याच्या पोटात एक लपलेला ठोकळा असतो. त्याला १८ चौरस आणि ८ त्रिकोण अशा २६ बाजू असतात. प्रत्येक बाजूवर एक टोक. पण ताऱ्याला टोकं असतात २५. एक कुठं गेलं? विचार करा... दिवा आत घालायला आणि टांगायला एक बाजू मोकळी नको का!

मुळात हा तारा आला कुठून? बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात गोष्ट आहे: पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी आकाशात एक तारा पाहिला आणि त्याच्या मागोमाग ते बेथलेहेमला पोचले. ते किती जण होते हे त्यात लिहिलेलंच नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली. यातला ऊद म्हणजे बॉसवेलिया जातीच्या झाडाचा सुवासिक डिंक. तो ओमान-येमेनकडून यायचा. त्याच झाडाची चुलत बहीण आपल्या विदर्भाच्या कोरड्या जंगलात उभी आहे: सालई. तिच्या सालीला खाच पडली की डिंक पाझरतो आणि जाळला की तसाच घमघमतो. ज्ञानी लोक चुकून चांद्याकडून आले असते तरी भेटीवाचून अडलं नसतं!

तारा कोणता असेल, यावर शास्त्रज्ञांनी बरीच डोकेफोड केली आहे. धूमकेतू? फुटणारा तारा? योहान्नेस केप्लर यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गणित मांडलं, तेव्हा निघालं की इ.स.पू. ७ मध्ये गुरू आणि शनी मीन राशीत एकाच वर्षात तीनदा एकमेकांजवळ आले होते. एरवी हे दोघे साधारण वीस वर्षांनी एकदा भेटतात. २१ डिसेंबर २०२० ला ते इतके जवळ दिसले की मधलं अंतर चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या भागाएवढं होतं. खात्रीचं उत्तर केप्लरनाही सापडलं नाही आणि नंतरही कुणाला नाही.

तारा शोधण्याचं काम पोलंडची मुलं मात्र दरवर्षी करतात. २४ डिसेंबरला आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. टेबलावर बिनमांसाचे बारा पदार्थ वाट पाहत असतात आणि मुलं खिडकीला नाक लावून उभी. एक ताट जादाचं मांडलेलं असतं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्यांचं नशीब असं की वॉर्सामध्ये त्या दिवशी सूर्य दुपारी साडेतीनच्याही आधी मावळतो. बल्लारपुरात हीच रीत असती तर पावणेसहापर्यंत नुसत्या सूर्यास्ताचीच वाट पाहावी लागली असती. आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये? तिथं डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, पहिल्या ताऱ्याला रात्रीचे नऊ वाजून जातात. उपाशी पोटी फारच झालं.

मध्यरात्रीच्या उपासनेहून घरी येताना बल्लारपूरच्या मुलांनी दक्षिणेला मान वर करून पाहावं. व्याधाचा तारा, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी, तेव्हा ऐन उंचीवर असतो. त्याच्या जरा वर मृग नक्षत्र आणि मृगाच्या पोटात एका ओळीत तीन तारे. आपली गोष्ट सांगते की तो व्याधानं मारलेला बाण. स्पॅनिश बोलणाऱ्या काही देशांत आणि दक्षिण आफ्रिकेत मात्र ते तीन तारे म्हणजे तीन राजे. गंमत अशी की दोन्ही गोष्टींना आकाश पुरावा देतं. त्या तिघांची रेषा खाली वाढवली तर ती थेट व्याधाकडे जाते: बाण कुठून सुटला ते कळतं आणि राजे कोणत्या ताऱ्याच्या दिशेनं निघाले तेही!

महाराष्ट्रात आणि गोव्यात नाताळ कसा असतो, हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. गोव्यात कुस्वार म्हणजे फराळाचं ताट शेजाऱ्यांकडे जातं. त्यातली नेवरी पाहिलीत तर म्हणाल, ही तर करंजी. तीच आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आणि 'फुलांमुलांचे कवी' रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांच्या कविता तुमच्या आजी-आजोबांना पाठ असतील, त्यांनी ओवी-अभंगांत ख्रिस्तभजनं लिहिली. म्हणून मराठी चर्चमध्ये टाळ वाजले तर दचकू नका.

नाताळचा केक? भारतातला पहिला नाताळचा केक १८८३ मध्ये केरळातल्या तलश्शेरीत भाजला, असं मानतात. बेकरीवाले मांबळ्ळी बापू यांना एका इंग्रज मळेवाल्यानं विलायतेचा केक दाखवून म्हटलं, असा कर. बापूंनी केला, पण त्यात स्थानिक फळांची आंबवलेली दारू घालून. पुन्हा तेच, दारचं सामान.

आता सगळ्यांत मोठं कोडं. नाताळ २५ डिसेंबरला, बरोबर? मग येशू ज्या गावी जन्मला त्या बेथलेहेममध्ये एका हंगामात तीन नाताळ का होतात? तिथल्या जन्म-चर्चमध्ये जमिनीवर चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवलेला आहे. त्या एकाच ताऱ्यापाशी २५ डिसेंबरला कॅथलिक, ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्स आणि १९ जानेवारीला आर्मेनियन लोक नाताळ साजरा करतात.

आर्मेनियन लोकांची जुनी रीतच ६ जानेवारीची, जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी. बाकी घोटाळा गणिताचा आहे. रोमच्या ज्युलियस सीझरनं वर्ष मोजलं ३६५ दिवस आणि ६ तासांचं. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटांनी काय होतंय, असं वाटेल. पण १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो! चौथ्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांची चूक साठली. तेव्हा पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर आणला. मधले दहा दिवस गायब. (त्या दहा दिवसांत ज्यांचा वाढदिवस होता त्यांचं काय झालं असेल?) रशिया, सर्बिया, इजिप्त, इथिओपिया अशा देशांतल्या चर्चांनी जुनंच गणित ठेवलं आणि आज दोन्हींत तेरा दिवसांचं अंतर आहे. २५ डिसेंबरात १३ मिळवा, ७ जानेवारी येते; ६ जानेवारीत मिळवा, बेथलेहेमच्या आर्मेनियन लोकांची १९ जानेवारी येते. युक्रेननं २०२३ मध्ये आपली सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. जे जुन्या गणितावर राहतील त्यांचा नाताळ २१०१ पासून ८ जानेवारीला येईल, कारण २१०० हे नव्या गणितात लीप वर्ष नाही, जुन्यात आहे.

हसू नका, आपलीही अशीच एक तारीख सरकते आहे. मकरसंक्रांत! स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, त्या दिवशी संक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. कारण मात्र वेगळं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एक डुलकी पुरी व्हायला सुमारे २६ हजार वर्षं. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते, इंग्रजी तारीख ऋतूंवरून. या डुलण्यामुळे दोन्हींत ७०-७२ वर्षांत एका दिवसाची फारकत पडते.

७ जानेवारीच्या नाताळवाल्यांत इथिओपियाची मुलं मला सर्वांत नशीबवान वाटतात. त्यांच्या वर्षात महिने तेरा! तीस-तीस दिवसांचे बारा आणि शेवटी पाच-सहा दिवसांचं शेपूट. त्यांच्या नाताळाचं नाव 'गेना' आणि त्या दिवशी खेळायच्या खेळाचं नावही गेनाच. वाकडी काठी आणि लाकडी चेंडू, हॉकीच म्हणा. येशू जन्मल्याची बातमी ऐकून मेंढपाळ हातातल्या काठ्यांनी खेळू लागले, अशी त्यांची गोष्ट. आदल्या रात्री लालिबेला गावी पांढरी सुती वस्त्रं पांघरलेले हजारो यात्रेकरू जमतात. तिथली चर्चं बांधलेली नाहीत, वरून खाली डोंगर कोरून काढलेली आहेत. वेरूळचं कैलास लेणं पाहिलं असेल तर पद्धत लगेच कळेल.

आणि अलास्कात? पृथ्वीच्या त्या बर्फाळ टोकाला युपिक लोकांच्या गावांत ७ जानेवारीपासून माणसं मोठा, सजवलेला, गरगर फिरणारा तारा घेऊन घरोघर गात जातात. जेवायचं, गायचं, पुढच्या घरी. बल्लारपूरच्या कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, गाणाऱ्या मंडळींना त्यांच्यात सोडलं तर भाषेची तेवढी अडचण येईल, बाकी कार्यक्रम ठाऊकच आहे.

चला, आता तुमचा तारा करू. बुरुडांकडून किंवा बाजारातून बांबूच्या ५० सेंटिमीटरच्या दहा पातळ कमच्या आणि १० सेंटिमीटरच्या पाच जाडसर काड्या आणा. कमचीची धार बोट कापते, तेव्हा आधी घासकागदानं घासून घ्या. पेन्सिल न उचलता पाच टोकांचा तारा काढतात, तशाच पाच कमच्या जमिनीवर मांडा. त्या एकमेकींवरून जातील तिथं एकदा वरून, एकदा खालून अशा विणा आणि टोकं दोऱ्यानं बांधा. थांबा, पट्टी घ्या. एका कमचीचे आता तीन भाग पडलेत: सुमारे १९.१, ११.८ आणि १९.१ सेंटिमीटर. १९.१ ला ११.८ नं भागा. मग पहिले दोन भाग मिळून होणाऱ्या ३०.९ ला १९.१ नं भागा. मग ५० ला ३०.९ नं. तिन्ही वेळा १.६२ च्या आसपासच येतं की नाही? हा 'सुवर्ण गुणोत्तर' नावाचा प्रसिद्ध आकडा, तुमच्या अंगणातल्या बांबूत येऊन बसलेला.

असाच दुसरा तारा करा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाची टोकं बांधा आणि मधल्या पाच फुल्यांवर, दोन ताऱ्यांच्या मध्ये, आखूड काड्या उभ्या अडकवा. सांगाडा फुगेल. मैद्याच्या खळीनं पतंगी कागद चिकटवा, एका बाजूला खिडकी ठेवा, आत छोटा एलईडी दिवा सोडा. मेणबत्ती मुळीच नको. कागद सैल, सुरकुतलेला दिसेल, पण तो ओढू नका. खळ वाळल्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. जास्त मारलात तर रंग ओघळेल. पाण्यानं कागदातले बारीक धागे फुगतात, वाळताना आखडतात आणि स्वतःच कागद ताणून बसवतात. तासाभरानं टिचकी मारून पाहा. टण्ण वाजला तर जमलं. भस्स वाजला तर आणखी एक फवारा.